स्पोर्ट्स कारची हौस, गॅरेजमधील फेरबदल आणि नोंदणी-पुस्तक : अंथुर्णे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतातील मोटारीचा इतिहास बहुधा कारखाने, परवाने आणि विक्रीचे आकडे यांच्या आधारे लिहिला गेला आहे. मोटार कारखान्याच्या दारातून बाहेर पडली की हा इतिहास तेथेच थांबतो. पुढील वीस-पंचवीस वर्षे ती मोटार मालकाच्या आणि मिस्त्रीच्या हाती असते. या काळात तिच्यात काय बसवले गेले, काय काढून टाकले गेले आणि ते कोणी केले, याची नोंद उद्योगाच्या इतिहासात क्वचितच आढळते. वस्तुतः मोटारीचे दुसरे उत्पादन या काळात होत असते. प्रस्तुत निबंधाचा विषय हे दुसरे उत्पादन होय.

निबंधाची मांडणी थोडक्यात अशी : परवाना-पद्धतीच्या काळात स्पोर्ट्स कार हा प्रकार भारतीय ग्राहकाला जवळजवळ उपलब्धच नव्हता. ज्याला तशी मोटार हवी असे, त्याला ती साध्या सलून मोटारीतून घडवावी लागे. या घडविण्याकडे कायद्याने आधी केवळ कळविण्याची बाब म्हणून पाहिले, नंतर परवानगीची बाब म्हणून आणि अखेरीस प्रतिबंधाची बाब म्हणून. या स्थित्यंतरात गॅरेजमधील कौशल्याचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे.

परिसर

अंथुर्णे हे इंदापूर तालुक्यातील गाव बारामती–इंदापूर मार्गावर साधारण मध्यावर वसले आहे. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा येथे मुक्काम असतो. बारामतीकडून येताना भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना लागतो. पुढे सणसर, बेलवाडी, लासुर्णे आणि जंक्शन ही गावे येतात, आणि तेथून बाजूला वळले की वालचंदनगर. मोटारीच्या इतिहासासाठी हा परिसर निवडण्याचे कारण हे शेवटचे नाव होय. शेठ वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या उद्योगसमूहाने १९३० च्या दशकात कळंबच्या माळावर उसाची शेती आणि साखर कारखाना उभा केला. त्याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि मुंबईत कुर्ला येथे मोटारीचा कारखाना काढला. पुढे महाराष्ट्रातील हौशी मिस्त्रीच्या हाती सर्वांत जास्त आलेली मोटार याच कारखान्याची असावी, आणि तिच्या संस्थापकाच्या नावाचे औद्योगिक गाव अंथुर्ण्याच्या शेजारी असावे, हा योगायोग अभ्यासकाला सोयीचा आहे.

योगायोगापलीकडेही एक धागा आहे. साखर कारखाना गळीत हंगामात चालतो आणि हंगाम संपला की दुरुस्तीला लागतो. झिजलेला शाफ्ट लेथवर धरणे, गनमेटलची बुश तासून बसवणे, तडा गेलेले बीड वेल्डिंगने सांधणे ही कामे तेथे दरवर्षी ठरलेली. वालचंदनगरमध्ये तर साखर कारखान्यांची यंत्रसामग्री घडविण्याचे काम पुढे मुख्य उद्योगच बनले. मोटारीच्या फेरबदलासाठी लागणारे हात याच प्रकारच्या कामात तयार होतात. ज्याने मिलच्या रोलरचे माप काढले आहे, त्याला इंजिनाच्या हेडचे माप परके वाटत नाही.

अपुरी मोटार

दुसऱ्या महायुद्धापूर्वी मुंबईत मोटारी जोडल्या जात, घडवल्या जात नसत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने टप्प्याटप्प्याने देशी उत्पादनाचा आग्रह धरला. १९५३ च्या जकात आयोगाच्या अहवालानंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्या बाहेर पडल्या आणि मोटारीची बाजारपेठ हिंदुस्थान मोटर्स, प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड या तिघांपुरती उरली. आयात जवळजवळ बंद झाली. परदेशी स्पोर्ट्स कार संस्थानिकांच्या मोटारखान्यात, एखाद्या नटाच्या दारात किंवा चित्रपटाच्या पडद्यावर दिसत असे.

प्रीमियरने आरंभी क्रायस्लर कंपनीच्या मोटारी व ट्रक जोडले आणि नंतर इटलीच्या फियाटशी करार केला. फियाट ११०० ही मोटार १९५४ पासून कुर्ल्यात तयार होऊ लागली. तिच्या पहिल्या गोलसर रूपाला लोकांनी 'डुक्कर फियाट' हे नाव दिले आणि ते टिकले. पुढे हीच मोटार डिलाइट, प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावांनी विकली गेली. इंजिन १०८९ सीसी, शक्ती सुमारे चाळीस अश्वशक्ती, गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर. नाव बदलले, जाळी बदलली, पण मूळ यंत्ररचना तीन दशके जवळपास तीच राहिली.

ग्राहकाच्या दृष्टीने पाहता ही मोटार अपुरी होती, आणि ती मिळण्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. रेडिओ, डाव्या बाजूचा आरसा, सीटची कव्हरे, धुक्याचे दिवे, छतावरचे कॅरियर यांतील बरेचसे मालकानेच नंतर बसवायचे असे. मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूची दुकाने, जुन्या भागांसाठी चोर बाजार आणि कुर्ल्याचा भंगार बाजार, पुण्यात नाना पेठ, ही ठिकाणे या गरजेवर पोसली गेली. बाजारात या सामानाला 'ॲक्सेसरीज' म्हणत, म्हणजे जादा वस्तू. मात्र परवाना-काळातील मोटारीला हा शब्द नीटसा लागू पडत नाही, कारण या वस्तूंवाचून ती पुरी होतच नसे. दिलीप छाब्रिया यांच्यासारखा पुढे देशभर गाजलेला मोटार-रचनाकारही १९८० च्या दशकात मुंबईत अशाच सामानाच्या निर्मितीपासून वर आला, ही बाब येथे ध्यानात घेण्यासारखी आहे.

सलूनची स्पोर्ट्स कार

साधी सजावट आणि वेगासाठी केलेला बदल यांत फरक केला पाहिजे. पहिल्याला पैसा पुरतो. दुसऱ्याला यंत्र समजावे लागते. फियाटच्या बाबतीत हौशी मालक आणि मिस्त्री यांनी केलेले काम तपशिलाने पाहिले, तर त्यामागील विचार स्पष्ट होतो.

पहिला बदल इंजिनाच्या हेडचा. हेडचा खालचा पृष्ठभाग थोडा तासला की ज्वलनकक्ष लहान होतो, दाब वाढतो आणि त्याच इंजिनातून अधिक शक्ती मिळते. अडचण अशी की त्या काळी मिळणारे पेट्रोल कमी ऑक्टेनचे असे. दाब मर्यादेबाहेर गेला की चढावर इंजिन ठोके देऊ लागे. म्हणजे किती तासावे याचे उत्तर पुस्तकात नव्हते. ते आपल्या गावच्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलवर अवलंबून होते, आणि कानाने ठरत होते. त्यापाठोपाठ मोठा कार्बोरेटर, मोकळा सायलेन्सर, हलके केलेले फ्लायव्हील हे बदल येत. पुढच्या चाकांच्या स्प्रिंगचा एखादा वेढा कापून आणि मागचे पाटे कमी करून मोटार खाली बसवली जाई. हा शेवटचा उपाय बहुतेक वेळा चुकीचाच होता, कारण महाराष्ट्रातील रस्त्यांवर खाली बसलेली मोटार आधी तेलाची टाकी फोडून घेते. तरीही तो लोकप्रिय होता. दिसण्याचे आकर्षण यंत्राच्या हिशेबावर अनेकदा मात करते.

गिअरचा दांडा खांबावरून जमिनीवर आणणे हा या काळातील सर्वांत बोलका बदल म्हणता येईल. यात वेग वाढत नाही. हाताची हालचाल कमी होते आणि सांध्यांचा ढिलेपणा जातो, एवढाच यांत्रिक लाभ. परंतु जमिनीवरचा दांडा आणि दोन स्वतंत्र सीटा म्हणजे स्पोर्ट्स कार, अशी समजूत चित्रपटांनी आणि परदेशी नियतकालिकांनी रुजवली होती. गॅरेजमध्ये हे काम वर्षानुवर्षे होत राहिले, आणि १९९० च्या दशकात कंपनीने स्वतःच जमिनीवर दांडा व बकेट सीट असलेली पद्मिनी बाजारात आणली. येथे गॅरेज पुढे होते आणि कारखाना मागे. मोटार उद्योगाच्या इतिहासात असा उलटा प्रवाह नोंदवला गेला पाहिजे. १९८५ मध्ये आलेल्या प्रीमियर ११८ एनई या मोटारीचे ११७१ सीसीचे निसान इंजिन हौशी मालकांनी पद्मिनीत बसवले, तोही याच प्रवाहाचा भाग होय.

या हौसेला मोटारीच्या सांगाड्यानेही मर्यादा घातली होती. मद्रासच्या स्टँडर्ड हेरॉल्डला स्वतंत्र चासी होती आणि तिचे छत नटबोल्टने जोडलेले असे. ते काढून उघडी मोटार करणे त्यामुळे शक्य होते. फियाटचा सांगाडा एकसंध. तिचे छत कापले की मधला भाग झुकतो आणि दारे बसेनाशी होतात. उघड्या फियाटी विरळ का दिसतात, याचे उत्तर मालकाच्या आवडीत नाही, पत्र्यात आहे.

विजेच्या कामात तर स्वतः शिकण्याला पर्याय नव्हता. रात्रीच्या प्रवासासाठी शंभर वॉटचे हॅलोजन दिवे बसविण्याची मोठी हौस होती. बारा व्होल्टवर शंभर वॉटचा एक दिवा आठ अँपिअरहून अधिक प्रवाह घेतो. दोन दिव्यांचे मिळून सोळा-सतरा. मूळची बारीक वायर आणि डॅशबोर्डवरचे बटण एवढा प्रवाह सोसण्यासाठी केलेले नसते. वायर तापते, बटण वितळते, क्वचित आग लागते. म्हणून मध्ये रिले घालायचा, बॅटरीपासून जाड वायर फ्यूजमार्गे थेट दिव्याकडे न्यायची आणि बटणाने फक्त रिले चालवायचा. ही रीत ज्याला समजली त्याला प्रवाह, रोध आणि उष्णता यांचा संबंध समजला. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेबाहेर तो समजून घेणाऱ्यांची संख्या, शिक्षक म्हणून आपण मानतो त्यापेक्षा पुष्कळ मोठी असावी. अर्थात समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर त्या दिव्यांचा काय परिणाम होतो, हा विचार या शिक्षणात फारसा नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

उसाच्या वाहतुकीत हीच विद्या ट्रॅक्टरवर उतरली. अंथुर्ण्यावरून गळीत हंगामात जाणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरवर रंगीत दिवे, ध्वनियंत्रणा, रेडियमची अक्षरे, सावलीसाठी केलेले छत दिसते. पालखीच्या दिवसांत दिंड्यांचे ट्रक आणि टेम्पो पाण्याच्या टाक्या, सामानाचे सांगाडे, जनरेटर आणि दिव्यांच्या माळा घेऊन मुक्कामी येतात. यांतील कोणालाही स्पोर्ट्स कार म्हणता येणार नाही. परंतु वाहन हे पुरे झालेले नाही, ते आपण पुरे करायचे आहे, ही दृष्टी तीच आहे.

नोंद, परवानगी, प्रतिबंध

नोंदणी-पुस्तक, म्हणजे ज्याला सर्वजण 'आरसी बुक' म्हणतात, ते या विषयाचे महत्त्वाचे ऐतिहासिक साधन आहे. चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, सीसी, आसने, रिकामे वजन, रंग, बॉडीचा प्रकार एवढे त्यात लिहिलेले असते. फेरबदलाचा कायदा म्हणजे मूलतः या पुस्तकातील मजकूर आणि रस्त्यावरची वस्तू यांच्यातील अंतराचा कायदा होय.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या मूळ मजकुरात, बदलामुळे नोंदीतील तपशील चुकीचे ठरले तर मालकाने ठरावीक मुदतीत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे, असा रोख होता. आधी बदल, मग नोंद. १९८८ च्या कायद्यातील कलम ५२ ने हा क्रम उलटवला : आधी सूचना व मान्यता, मग बदल. तरी त्यात एक समंजस सवलत होती. सामान बसवल्याने किंवा काढल्याने रिकाम्या वजनात दोन टक्क्यांपर्यंत फरक पडत असेल तर मान्यतेची गरज नव्हती. नऊशे किलोच्या मोटारीला हे सुमारे अठरा किलो होतात. कॅरियर, धुक्याचे दिवे, ध्वनियंत्रणा एवढे त्यात सामावून जाते. कायदा करणाऱ्यांना मालकाच्या गॅरेजची जाणीव होती, असे या दोन टक्क्यांवरून म्हणावेसे वाटते.

२००० च्या दुरुस्तीने निकषच बदलला. निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये, असे कलम ५२ चे नवे रूप झाले. यामागील तर्क समजण्यासारखा आहे. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील नियम १२६ नुसार प्रत्येक नव्या वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासला जातो. ब्रेक, दिवे, धूर, आवाज यांची तपासणी होऊन मान्य झालेल्या वस्तूत मालकाने हात घातला, तर त्या तपासणीला अर्थ उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द करून हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. त्यानुसार, मान्यता नसलेल्या बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तत्पूर्वी, २०१२ मध्ये काचेवरील काळ्या फिल्मवर न्यायालयाने बंदी घातली होती आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने पुढच्या बाजूच्या लोखंडी संरक्षक गजांविरुद्ध कारवाईच्या सूचना दिल्या होत्या.

सुरक्षिततेच्या दृष्टीने यांतील बहुतेक निर्णयांशी मतभेद असण्याचे कारण नाही. गजामुळे पादचाऱ्याला होणारी इजा वाढते आणि फुटलेल्या सायलेन्सरने गाव झोपत नाही. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप निराळा आहे. १९३९ चा कायदा मालकाला वाहनाविषयी काही सांगू शकणारी व्यक्ती मानत होता. २००० नंतरच्या कायद्यात वाहनाविषयी बोलण्याचा अधिकार फक्त निर्मात्याला आहे. आणि इतिहासकारासाठी याचा परिणाम असा की पूर्वी थोडेफार बदल तरी पुस्तकात उतरत होते. आता बदल होतात, पण ते लपवले जातात. जे गुन्हा ठरते त्याची नोंद मालक ठेवीत नाही.

कारखान्यातील स्पोर्ट्स कार

उदारीकरणानंतर पश्चिम किनाऱ्यावर आणि पुणे परिसरात स्पोर्ट्स कार घडविण्याचे काही प्रयत्न झाले. गोव्यात १९९८ मध्ये सॅन स्टॉर्म ही दोन आसनांची उघडी मोटार आली. बॉडी फायबरग्लासची, इंजिन रेनॉचे ११४९ सीसीचे. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने जुन्या लोटस सेव्हनच्या धर्तीवर रोडस्टर बांधली आणि तिला हिंदुस्थान मोटर्सकडे वापरात असलेले १.८ लिटरचे इसुझू इंजिन दिले. छाब्रिया यांच्या डीसी संस्थेने २०१२ च्या दिल्लीतील ऑटो एक्स्पोत अवंती ही मोटार मांडली. तिचे दोन लिटरचे टर्बो इंजिनही रेनॉचेच.

या तिन्ही प्रयत्नांत इंजिन दुसऱ्याचे आणि बॉडी आपली. ११८ एनईचे इंजिन पद्मिनीत बसवणाऱ्या गॅरेजची रीत हीच होती. फरक एवढाच की येथे तपासणी आणि मान्यता घेऊन ती कारखान्याच्या नावावर आली. तिन्हींचे उत्पादन अल्प राहिले. याला बाजाराची कारणे आहेतच, परंतु गॅरेजचे ज्ञान कारखान्यात नेण्याचा मार्ग आपल्याकडे किती अरुंद होता, हेही त्यातून दिसते.

महाविद्यालयांत हा मार्ग निराळ्या प्रकारे उघडला. २००७ पासून इंदूरजवळ पीथमपूर येथे बाहा एसएई इंडिया ही स्पर्धा सुरू झाली आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः चासी वाकवून, वेल्ड करून एका आसनाचे वाहन बांधू लागले. वाहन रस्त्यावर आणायचे नसल्याने नोंदणीचा प्रश्न येत नाही. पण तेथील मूळ स्पर्धेत सर्व संघांना एकाच प्रकारचे सुमारे दहा अश्वशक्तीचे इंजिन दिले जाई, आणि त्या इंजिनाच्या आत हात घालण्यास मनाई असे. हेड तासणाऱ्या मिस्त्रीचे कौशल्य या अभ्यासक्रमातही बाहेरच राहिले.

मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून उतरली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये बारामतीच्या पियाजिओ कारखान्यात तयार झालेली एप्रिलिया आरएस ४५७ ही स्पोर्ट्स मोटारसायकल भारतीय बाजारात आली. क्लच न दाबता गिअर बदलून देणारे तिचे क्विकशिफ्टर हे उपकरण सोबत मिळत नव्हते. ते हवे असल्यास कंपनीच्याच यादीतून वेगळे पैसे भरून, विक्रेत्याकडून बसवून घ्यावे लागत होते.